रेझ्युमे, आडनाव आणि आपण



गेली काही वर्षं मी महिन्यातल्या एका शनिवारी मिसिसागाच्या लायब्ररीत बसून नव्याने आलेल्या मंडळींचे आयटीचे रेझ्युमे वाचतो. फुकट! बायको म्हणते, घरातलं बेसमेंट आवरायला सांगितलं की तुला वेळ नसतो. तिचं खरं आहे. पण मी जानेवारी २००२ मध्ये इथे उतरलो तेव्हा माझा रेझ्युमे असा कुणी वाचून दिला असता तर माझे सात-आठ महिने वाचले असते. डॉट-कॉमचा फुगा फुटलेला, रात्री गोदामात खोकी उचलायची आणि दिवसा मॉन्स्टर आणि वर्कोपोलिसवर अर्ज टाकायचे, असा तो काळ.

त्या रेझ्युमेत काय नव्हतं? एकूण सहा पानं. पहिल्या पानावर कोट-टायमधला फोटो (कोट स्टुडिओवाल्याचा). वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित, पासपोर्ट नंबर. मग आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीची आणि स्वतःची प्रगती साधण्याचा तो सुप्रसिद्ध 'ऑब्जेक्टिव्ह'. आणि शेवटी, वरील सर्व माहिती सत्य असल्याची प्रतिज्ञा, खाली सही. जणू तलाठ्याकडे उत्पन्नाचा दाखला मागायला निघालोय! आजही बरेच रेझ्युमे या थाटाचे येतात. हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत काढून टाकायचं. वय, लग्न, धर्म या गोष्टी इथल्या मालकाने अर्जात विचारणंच ओंटारिओच्या मानवी हक्क संहितेत बसत नाही. तुम्ही आपण होऊन सांगितल्या तर तो बिचारा अडचणीत येतो.

यापेक्षा अवघड दुखणं वेगळंच आहे. आपले लोक स्वतःचं काम सांगत नाहीत. प्रोजेक्टच्या नावाखाली चार ओळी असतात त्या क्लायंटच्या: युरोपातली अग्रगण्य बँक, इतक्या देशांत शाखा वगैरे. त्यानंतर 'इन्व्हॉल्व्ह्ड इन', 'रिस्पॉन्सिबल फॉर', 'पार्ट ऑफ अ टीम'. मी विचारतो, "अरे, पण तू काय केलंस?" मुलगा म्हणतो, "टीमने केलं सगळं, सर." आपल्या घरात 'मी केलं' म्हणणं म्हणजे स्वतःची आरती ओवाळणं. ते वळण रेझ्युमेत उतरतं. मग दहा मिनिटं खोदकाम करावं लागतं. एकाने लिहिलं होतं, बॅच जॉब्जच्या देखरेखीची जबाबदारी. खोदल्यावर कळलं की रात्रीची बॅच सहा तास चालायची, सकाळी शाखा उघडेपर्यंत संपायची नाही, आणि याने दोन क्वेरी नव्याने लिहून ती दोन तासांवर आणली होती. सात वर्षांच्या नोकरीतलं सर्वात चांगलं काम, आणि सहा पानांत त्याला जागा नव्हती. आता ती त्याची पहिली ओळ आहे.

बाकीचं थोडक्यात. दोन पानं पुरतात. पंधरा वर्षांपूर्वीचं व्हिज्युअल बेसिक आता सोडून द्या. टेक्नॉलॉजीच्या यादीत जे नाव लिहाल त्यावर वीस मिनिटं बोलता आलं पाहिजे. चाळीस नावं असली की वाचणाऱ्याला एकाचाही भरवसा वाटत नाही. इन्फोसिस, टीसीएस इथे माहीत असतात, पण नाशिकच्या तुमच्या कंपनीबद्दल एक ओळ लिहा: किती माणसं, कुणासाठी सॉफ्टवेअर. डिग्रीचं इमिग्रेशनसाठी मूल्यांकन झालंच असेल तर ती इथल्या कोणत्या डिग्रीच्या बरोबरीची ठरली ते लिहा. अर्ज आधी मशीन वाचतं, म्हणून दोन कॉलम, टेबलं, रंगीत चौकटी नकोत. काही सिस्टिम्सना त्यातला मजकूर नीट उचलता येत नाही. जाहिरातीतले शब्द, तुमच्याकडे ते कौशल्य खरोखर असेल तर, तसेच्या तसे वापरा. पांढऱ्या अक्षरांत लपवून नव्हे! (ही युक्ती मला एकाने मोठ्या अभिमानाने दाखवली होती.)

आणि खोटा अनुभव नको. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आपल्याच लोकांच्या काही कन्सल्टन्सीज दोन वर्षांची आठ वर्षं करून देतात, मुलाखतीला पाठांतर करून घेतात. सापडला तर तो मुलगा जातो, आणि नाही सापडला तरी त्याच्या पुढच्या दहा खऱ्या रेझ्युमेंकडे लोक संशयाने बघतात.

एवढं सगळं केल्यावर रेझ्युमे चांगला होतो. फोन येतोच असं नाही! इथून पुढे जे सांगायचंय ते रेझ्युमे लिहिणाऱ्यांना नाही, वाचणाऱ्यांना आहे.

'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' हा शब्द आपल्यापैकी कुणी ऐकला नाही? ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच धोरण जाहीर केलं की अशी सरसकट अट घालणं हा सकृतदर्शनी भेदभाव आहे. अट तरी चालूच राहिली. अखेर २०२४ च्या कायद्याने ती जाहिरातीत छापायला बंदी आली. १ जानेवारी २०२६ पासून ओंटारिओत पंचवीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहीर जाहिरातीत कॅनेडियन अनुभव मागता येत नाही. पगाराचा पट्टा सांगावा लागतो, अर्जांच्या चाळणीत एआय वापरत असाल तर तेही सांगावं लागतं, आणि मुलाखत झालेल्या उमेदवाराला ४५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. चांगलं झालं. पण कायदा जाहिरातीतला शब्द काढू शकतो, वाचणाऱ्याच्या डोक्यातला कसा काढणार?

टोरांटो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी या डोक्याचीच परीक्षा घेतली. त्यांनी टोरांटो परिसरातल्या जाहिरातींना हजारो बनावट रेझ्युमे पाठवले. २००९ मध्ये पहिले निष्कर्ष आले, आणि २०११ च्या शोधनिबंधापर्यंत रेझ्युमेंची संख्या सुमारे तेरा हजारांवर गेली. पहिल्या निष्कर्षांत कॅनडातलंच शिक्षण, कॅनडातलाच अनुभव, फरक फक्त नावाचा अशा अर्जांत इंग्रजी नावाला शंभरात १६ वेळा बोलावणं आलं. चिनी, भारतीय किंवा पाकिस्तानी नावाला ११ वेळा. शिक्षण आणि अनुभवही तिकडचाच असेल तर फक्त ५. आता गंमत बघा. ब्रिटनमधून आलेल्या, इंग्रजी नावाच्या अर्जाला मात्र कॅनेडियनाइतकीच बोलावणी आली. म्हणजे ज्याला कॅनेडियन अनुभव म्हणतात त्याचा कॅनडाशी संबंध किती?

हे वाचून आपला संताप होतो, आणि व्हायलाच हवा. आपण हा अभ्यास एकमेकांना फॉरवर्ड करतो. 'समाधान'ला 'सॅम' कर असा सल्ला देणाऱ्याला मी तोंडावर नाही म्हणतो. नाव बदलल्याने फोन वाढत असतीलही, पण तो निर्णय त्या माणसाचा. मार्गदर्शक म्हणून बसून मी तो देणार नाही.

असं मी गेल्या नोव्हेंबरात एका मुलीला बरंच रंगवून सांगत होतो. नागपूरची, टेस्ट ऑटोमेशनचा सात वर्षांचा अनुभव. तिचा रेझ्युमे आधीच ठाकठीक होता, मी दोन-चार ओळी मागेपुढे केल्या असतील. निघताना तिने विचारलं, "दादा, आडनाव लिहू का फक्त इनिशियल ठेवू?" मी लगेच ओरिओपोलस सुरू केलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गोऱ्यांचं नाही हो. त्यांना माझं आडनाव वाचताच येत नाही. मी आपल्याच लोकांचं विचारून राहिली."

मला उत्तर सुचलं नाही.

तिने नंतर सांगितलं. एका ओळखीतून रेफरलसाठी एका मराठी गृहस्थांना रेझ्युमे पाठवला होता. ते फोनवर फार प्रेमाने बोलले. गाव कुठलं, नागपुरात कुठे, वडील काय करतात, हे विचारता विचारता "म्हणजे तुम्ही...?" इथपर्यंत आले. मग रेफरल काही झाला नाही. कारण तेच होतं का? तिला सिद्ध करता येणार नाही, मलाही नाही. पण सात वर्षांच्या अनुभवाबद्दल त्या वीस मिनिटांत एकही प्रश्न आला नव्हता.

ओरिओपोलसांच्याच धर्तीचा एक अभ्यास आपल्याकडे त्यांच्या आधी प्रसिद्ध झाला, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. ऑक्टोबर २००७ च्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त तो निबंध आला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. अर्ज चाळणारे तिथे आपल्यासारखेच शिकलेले, गुणवत्तेवर श्रद्धा असलेले लोक होते. हा अभ्यास मला कुणी फॉरवर्ड केल्याचं आठवत नाही. मीही केला नव्हता.

आता माझं स्वतःचं. माझं आडनाव असं आहे की पुण्यात कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. २०१२ मध्ये माझ्या टीममध्ये दोन जागा होत्या आणि शंभरावर रेझ्युमे आले. शुक्रवारी संध्याकाळी दमून चाळायला बसलो. माझं कॉलेज दिसलं की थांबायचो. ओळखीचं आडनाव दिसलं की थांबायचो. बारा बाजूला काढले. सोमवारी माझ्या मॅनेजरने, ती जमैकाहून आलेली बाई, गठ्ठा उलटापालटा केला आणि विचारलं, "हे बारा आणि उरलेले, यांत फरक काय?" मी 'फिट', 'कम्युनिकेशन' वगैरे शब्द वापरले. तिने ते तिच्या उमेदीच्या काळात भरपूर ऐकलेले असावेत. तिने उरलेल्यांतले सहा उचलून वर ठेवले आणि म्हणाली, आता यांना का नाही ते सांग. सांगता आलं नाही. दोनपैकी एक जागा त्या सहातल्या मुलाने घेतली, आणि तो माझ्या टीमने पाहिलेला सर्वात चांगला डेटाबेसवाला निघाला. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला दरवर्षी खुर्च्या मांडणारा माणूस मी! माझ्या मनात तेव्हा जातीचा विचार सुद्धा आला नव्हता, असं मी आजही शपथेवर सांगेन. न येताच काम झालं होतं.

नावं झाका, हा सोपा उपाय वाटतो. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१७ मध्ये आपल्या खात्यांत तो करून पाहिला आणि दृश्य अल्पसंख्याक उमेदवारांच्या अर्जांच्या चाळणीत फरक पडला नाही. पण त्या प्रयोगात वाचणाऱ्यांना ठाऊक होतं की आपल्याकडे बघितलं जातंय, आणि खाती स्वेच्छेने आलेली होती. शुक्रवारी संध्याकाळी एकट्याने गठ्ठा चाळणाऱ्याचं तसं नसतं. शिवाय आपला खरा व्यवहार गठ्ठ्यातून नव्हे, रेफरलमधून चालतो. तिथे नाव झाकता येत नाही, कारण रेफरल नावालाच असतो. मंडळाच्या गणपतीत, क्रिकेटच्या मैदानावर, व्हॉट्सअ‍ॅपवर. कुणाला बोलावलं जात नाही ते तिथे आधीच ठरलेलं असतं.

मी आता तीन गोष्टी करतो. रेझ्युमे उघडण्याआधी या जागेला काय येणं गरजेचं आहे ते कागदावर लिहितो आणि प्रत्येक नकाराचं कारण त्या कागदातूनच देतो. रेफरल मागणाऱ्याला फक्त कामाबद्दल प्रश्न विचारतो. गाव विचारायची जीभ फार सळसळते, पण ते नोकरी लागल्यावर जेवायला बोलावून विचारावं. आणि कॉलेजचं नाव शेवटी वाचतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने जातीवरून होणारा भेदभावही संहितेखाली येतो अशी भूमिका जाहीर केली, तेव्हा आपल्यातल्या काहींना तो अपमान वाटला होता. त्यांच्याशी वाद घालण्याआधी माझं एवढंच म्हणणं आहे की आपण गेल्या पाच वर्षांत ज्यांना रेफर केलं त्यांची यादी काढावी आणि एकट्याने बसून वाचावी. मी काढली. ती इथे देत नाही.

शनिवारचं काम चालू आहे. पुढच्या खेपेला नोकरी शोधणाऱ्यांबरोबर नोकरी देणारेही या, आपापल्या कंपनीची एखादी जाहिरात घेऊन. रेझ्युमे आणि जाहिरात शेजारी ठेवून वाचायला मला आवडेल.

त्या नागपूरच्या मुलीने आडनाव पूर्ण ठेवलं. डिसेंबरात तिला दोन फोन आले, दोन्हीकडे पुढे काही झालं नाही. फेब्रुवारीत वॉटर्लूच्या एका कंपनीत लागली. मुलाखतीला चार जण होते. त्यांत मराठी कुणी नव्हतं, हे तिने मला मुद्दाम कळवलं.