नाक वर!

पिकअप घेतली तेव्हा ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘भाजी विकायला निघालास का?’ हसा लेको! ट्रॅफिकमध्ये माझ्या सीटवरून तुमच्या सेडानचं टप दिसतं, हा आनंद तुम्हाला नाही कळायचा.

गाडी सेकंडहँड, डबल कॅब. आधीच्या मालकाने ती ‘लिफ्ट’ करून घेतलेली. मागे अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे टाकून चांगली उंच केलेली, पुढे मात्र फार हात लावलेला नाही. त्यामुळे गाडी उभी राहिली की जू मानेवर घेतलेल्या बैलासारखी दिसायची. मान खाली, ढुंगण वर. फोटोत तर आणखीनच. माळशेजला काढलेले सगळे फोटो मी त्या एका कारणासाठी डिलीट केले.

मग ठरवलं, नाक वर करायचं. परदेशात याला ‘लेव्हलिंग’ म्हणतात आणि त्याचं किट मिळतं. आपल्याकडे मिस्त्री मिळतो.

फंडा सोपा आहे. इसुझू व्ही-क्रॉससारख्या गाडीत पुढे कॉइल स्प्रिंग असते. तिच्या डोक्यावर धातूची जाड चकती, म्हणजे स्पेसर बसवला की नाक वर येतं. टाटा झेनॉन किंवा २०२० पर्यंतची थार सीआरडीई यांच्यात पुढे स्प्रिंगच नाही, टॉर्शन बार आहे. म्हणजे चॅसिसला समांतर धावणारी पोलादी कांब. चाक वर गेलं की ती पिळली जाते आणि पीळ सुटताना चाकाला परत खाली ढकलते. कांबेच्या एका टोकाला बोल्ट असतो. तो आवळला की नाक वर. माझी गाडी याच जातीतली.

शहापूरच्या अलीकडे एक मिस्त्री आहे. त्याने आधी सपाट जागा शोधली, टायरची हवा सारखी केली आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. जमिनीपासून मोजलं तर टायर दबलेला आहे की नाही त्यावर आकडा बदलतो, म्हणून. मग जॅक लावला, दोन्ही बोल्ट सारखे फिरवले आणि किती आटे फिरवले ते डायरीत लिहिलं. एक चक्कर मारून आला, परत मोजलं. पाच सेंटिमीटर. गाडी अगदी ओळंब्यात!

‘साहेब, मागं वजन टाकता का कधी?’ त्याने विचारलं.

‘छे हो. एक तंबू, दोन बॅगा.’

‘तरी अलाइनमेंट करून घ्या. नाहीतर टायर एका कडेनं खातील. आणि दिवे खाली घ्यायला लागतील. थांबता का अर्धा तास?’

अलाइनमेंट मी त्याच दिवशी केली. दिव्यांसाठी थांबलो नाही. फोटो काढायचे होते ना, ऊन उतरत होतं.

पहिला फरक खड्ड्यात कळला. नाक वर केलं की चाकाला खाली लोंबायला जागा कमी उरते. खड्डा आला की चाक खाली जाताजाता धाडकन अडतं. म्हटलं, चालतंय. दिसते तर सही!

मे महिन्यात मामाकडे गेलो, भातसानगरला. मामा धरणाच्या वसाहतीत राहतात. तुमच्या-आमच्या मुंबईला लागणारं जवळपास निम्मं पाणी या भातसा धरणातून येतं आणि उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत बसतात. जवळच्या एका पाड्यावर लग्न होतं आणि टँकर आलाच नव्हता. मामा म्हणाले, ‘अरे, तुझी एवढी गाडी आहे, दोन ड्रम नेऊन टाकू.’ दोनशे लिटरचे दोन ड्रम, म्हणजे चारशे किलो. हौद्यात माझ्या गाडीने पहिल्यांदाच खरं काम पाहिलं.

निघेपर्यंत रात्र झाली. रस्ता अरुंद, कडेला माती. समोरून मोटरसायकल आली. नवरा, बायको, मध्ये लहान पोरगा. मी बाजूला दाबत होतो, तेवढ्यात ती डगमगली, मातीत उतरली आणि आडवी झाली.

धावलो. पोराचा गुडघा सोलला होता, बाकी कुणाला काही नाही. तो माणूस चिडला नाही, हेच जास्त लागलं. कपडे झटकत म्हणाला, ‘दादा, अप्पर कशाला लावता? डिप्पर करा की. काहीच दिसंना.’

मी गाडीकडे पाहिलं. डिप्परच होता.

त्या रात्री मामांच्या ओट्यावर बसून हिशोब मांडला. गणित आठवीचं आहे, पण आधी सुचलं नाही. माझ्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण तीन मीटर अंतर. तीन मीटरमागे नाक पाच सेंटिमीटर उचललं, तर तीस मीटरवर दिव्याचा झोत पन्नास सेंटिमीटर उचलला जातो. डिप्परचा झोत दर दहा मीटरला साधारण दहा सेंटिमीटर खाली उतरावा, असा लावलेला असतो. ते तीस वजा झाले तरी झोत वीस सेंटिमीटर वरच. त्यात ड्रमांनी मागची बाजू आणखी पाचेक सेंटिमीटर दाबली असेल, की पुन्हा पन्नास. माझा दिवा जमिनीपासून मीटरभर उंच. म्हणजे तीस मीटरवर झोताची कड एक मीटर सत्तर सेंटिमीटरवर. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे त्याच्या खाली. सरळ तोंडावर बॅटरी!

तेव्हा कळलं, कंपनी पिकअपचं नाक खाली का ठेवते. ती रिकाम्या गाडीसाठी बनवलेलीच नसते. हौद्यात माल पडला की मागची बाजू बसते आणि तेव्हा गाडी सपाट होते. मुरबाडहून पहाटे भाजी घेऊन निघणाऱ्या पिकअपकडे बघा. भरलेली असते तेव्हाच ती नीट दिसते. मी मात्र माझी गाडी फोटोसाठी सपाट केली होती.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आधीच्या मालकाने केलं’ हे उत्तर तिथे चालायचं नाही.

सोमवारी रजा टाकली आणि मिस्त्रीकडे गेलो. मागचे ठोकळे काढायला लावले. डायरी बघून त्याने बोल्ट होते तिथे आणले. पुन्हा अलाइनमेंट. मग गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करून भिंतीवर खडूने दिव्याच्या उंचीची रेघ मारली, तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. डिप्परची कड खालच्या रेघेवर आणायची. तुमच्या गाडीत डॅशबोर्डवर ०-१-२-३ असं छोटं चाक असेल तर ते याचसाठी असतं. मागे वजन भरलं की ते फिरवा, झोत खाली येतो.

दिव्यांच्या या कामाला अर्धा तास लागला. तोच अर्धा तास, जो मी आधी दिला नव्हता.

परवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकजण म्हणाला, ‘बॉस, तुझ्या गाडीचं नाक खाली गेलंय.’

म्हटलं, ‘असू दे. मागे दोन ड्रमांची जागा ठेवलीय.’