सेठ सोडला, सेठगिरी सुटली का?

मागच्या रमजान ईदला मामूंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "बघा, आपला पोरगा आता कुणाचा नोकर नाही!" घरभर कौतुक झालं. मी हसलो खरा, पण शीरखुर्म्याचा घोट घशाखाली उतरेना. चारच दिवसांपूर्वी माझ्याकडे काम करणाऱ्या पोराच्या पगारातून मी आठशे रुपये कापले होते. ऐन ईदच्या तोंडावर.

'नोकरीत काय ठेवलंय, स्वतःचा धंदा कर' असं सांगणारे आपल्या मोहल्ल्यात कमी नाहीत. मोबाईलवर तर रोज नवा उपदेशक. मीही नोकरी सोडली आणि मला त्याचा पस्तावा नाही. पण या उपदेशात एक गोष्ट सोयीस्कररीत्या गाळलेली असते. ती सांगण्यासाठी हा लेख.

मी पाच वर्षं पुण्यात कार डिटेलिंगच्या एका दुकानात होतो. डिटेलिंग म्हणजे नुसती गाडी धुणं नव्हे. आधी फोम, मग दोन बादल्यांनी धुलाई, मग क्ले बार फिरवून रंगात रुतलेली घाण काढायची, मग मशीनने ओरखडे घालवायचे आणि शेवटी सिरॅमिक कोटिंग. गिऱ्हाईक एका कोटिंगचे 25,000 मोजायचं. मला पहिली दोन वर्षं महिन्याला 5,000 मिळाले, कारण मी 'शिकत' होतो. पाचव्या वर्षी 13,000. पगार पाकिटात, तारीख सेठच्या मर्जीची.

चाकं साफ करायचं ॲसिड मोठ्या कॅनमधून साध्या बाटलीत ओतून द्यायचे. बाटलीवर लेबल नाही. हातमोज्यांचा जोड आठवड्याला एक, तो दुसऱ्या दिवशी फाटायचा. चाकं साफ करायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते कातडीतून आत उतरतं आणि दुखणं कधी कधी काही तासांनी सुरू होतं, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. आमच्या बाटलीत काय होतं, कोण जाणे. बोटांची सालं निघायची. उपाय एकच, खोबरेल तेल.

आम्ही अकरा पोरं होतो. रजिस्टरवर नऊ. दहा झाले की राज्य कामगार विमा लागू होतो, तो नऊवर थांबवला की वाचतो. उरलेले दोघं 'घरचेच'. त्या दोघांतला एक मी.

आता कुणी म्हणेल, असा मालक 'त्यांच्यातला' असणार. नाही. तो आपल्यातलाच होता. जुम्याला शटर अर्धं ओढून आम्हाला सोबत मशिदीत न्यायचा. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकायच्या आत द्या, ही शिकवण सोनेरी फ्रेममध्ये त्याच्या केबिनमध्ये टांगलेली होती. त्या फ्रेमखाली उभं राहून मी तीनदा उचल मागितली आणि तिन्ही वेळा "बेटा, बरकत वक्त से आती है" ऐकून परत आलो. 'बेटा' म्हटलं की हिशेब मागणं बेअदबी ठरते, ही आपल्या उस्तादांची जुनी युक्ती आहे.

मग एका रात्री बारा तासांच्या कामानंतर माझ्या हातून पॉलिशरने बॉनेटच्या कडेचा रंग जाळला. कडेला रंगाचा थर पातळ असतो, तिथे मशीन क्षणभर जास्त रेंगाळलं की संपलं. सेठने तीन महिन्यांत 6,000 कापले. 'तुझं काय म्हणणं आहे?' असं विचारलंसुद्धा नाही. नुकसान पगारातून कापायचं तर आधी कामगाराला म्हणणं मांडू द्यावं, हे 1936 च्या वेतन प्रदान कायद्यातच लिहून ठेवलेलं होतं. त्या वेळी माझे दादाजान रांगत होते.

शेवटचा हप्ता कापला गेला त्या दिवशी मी चावी टेबलावर ठेवून निघालो.

साठवलेले 62,000 होते. त्यात प्रेशर वॉशर, ओला-कोरा व्हॅक्यूम, पॉलिशर, मायक्रोफायबरची फडकी घेतली. सगळं स्कूटरवर बांधून लोकांच्या पार्किंगमध्ये जाऊन काम करायचं ठरवलं. आणखी थोडं भांडवल हवं म्हणून बँकेत गेलो. मुद्रा योजनेत शिशु कर्ज 50,000 पर्यंत मिळतं, तारण लागत नाही. साहेबांनी खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं. माझ्या खात्यात होतं काय? पाच वर्षं राबलो, पण कागदावर मी बेकार होतो. पाकिटातला पगार माणसाचा भूतकाळच पुसून टाकतो, हे मला त्या काउंटरवर उमगलं.

सोसायट्यांच्या गेटवर दुसरा धडा. वॉचमन नाव विचारायचा, ते वहीत लिहायचा आणि "सेक्रेटरींना विचारून सांगतो" म्हणायचा. मित्र म्हणाले, नाव बदलून सांग. मी बदललं नाही. उद्यम नोंदणी केली, ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना भरून पावती घेतली. प्रत्येक कामाचं छापील बिल द्यायला लागलो. सगळे दरवाजे उघडले असं नाही. दोन सोसायट्यांनी कागद बघूनही नकार दिला, आणि तो नकार कशासाठी होता हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण तीन ठिकाणी सेक्रेटरींनी कागद पाहिले आणि आत सोडलं. आज माझं निम्मं काम त्या तीन सोसायट्यांत आहे.

काम वाढलं तसा एक पोरगा ठेवला. एकोणीस वर्षांचा, हुशार, माझ्यासारखाच बारावीत गळालेला. आणि मी काय केलं? पगार पाकिटात दिला. 'शिकतोयस' म्हणालो. ईदच्या आठवड्यात त्याच्या हातून एका गाडीच्या डॅशबोर्डवर डाग पडला, तेव्हा न विचारता आठशे कापले. मला कुणी हे शिकवलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. पाच वर्षं मी तेच तर शिकलो होतो.

म्हणून माझं भांडण त्या उपदेशकांशी आहे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं की मुसलमानांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांहून जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीचं कमी आहे. आपण त्या आकड्याचा अभिमान बनवला. 'धंदा आपल्या रक्तात आहे' म्हणतो. रक्तात काही नसतं. नोकरीची दारं बंद म्हणून बाप गॅरेजमध्ये गेला आणि बापाकडे पैसे नव्हते म्हणून मुलगाही गेला. याला परंपरा म्हटलं की दोघांची सोय होते. ज्यांनी दारं बंद केली त्यांना जाब द्यावा लागत नाही, आणि आपल्यातल्या सेठला स्वस्तात पोरं मिळत राहतात. उद्या त्यातलाच एखादा पोरगा सेठ होतो आणि चाक फिरत राहतं.

"अरे, छोट्या धंद्याला हे कायदे-कागद परवडत नाहीत," असं मला सांगितलं जातं. हिशेब करू. गाडी आतून साफ करायचे मी 1,500 घेतो. सामान 150, पेट्रोल 80. पोराची योग्य मजुरी धरली तरी मला उरतात. उरत नसतील तर माझा दर चुकलाय, आणि तो मी गिऱ्हाईकाशी बोलायला हवा. गिऱ्हाईकाशी बोलायची हिंमत नाही म्हणून पोराची मजुरी कापायची, म्हणजे गिऱ्हाईकाला दिलेली सवलत पोराच्या खिशातून द्यायची. याला धंदा म्हणत नाहीत.

तुम्ही आज अशाच एखाद्या दुकानात राबत असाल, तर जरूर सोडा. पण सोडायच्या आधी पगार खात्यात मागा. नाही मिळाला तर पाकिटातला पगार स्वतः दर महिन्याला खात्यात भरा. कामाचे तास वहीत लिहा. कुठल्या बाटलीत काय आहे ते विचारा. बाहेर पडल्यावर पहिलं मशीन घ्यायच्या आधी नोंदणी करा. आणि पहिला पोरगा ठेवाल त्या दिवशी त्याचा पगार, तारीख, सुट्टी एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. राज्याचं किमान वेतन किती आहे ते आधी बघा. आकडा त्याच्या खाली असेल तर माणूस ठेवू नका, एकट्याने काम करा.

ईदच्या तिसऱ्या दिवशी मी त्या पोराच्या घरी गेलो. आठशे परत दिले, चूक कबूल केली. त्याची अम्मी म्हणाली, "राहू द्या भाई, तुम्ही त्याला शिकवताय ना." मी म्हटलं, शिकवतोय म्हणूनच. दुसऱ्या दिवशी त्याला बँकेत घेऊन गेलो आणि खातं उघडून दिलं. आता दर महिन्याच्या पाच तारखेला पगार त्यात जातो.

मामूंना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या गॅरेजमध्येही चार पोरं आहेत. हा लेख ते वाचतील तेव्हा बोलू.