छत्र कोणाचे, मूठ कोणाची?

पॅरिस वाचविण्यासाठी अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावील काय, असा प्रश्न जनरल द गॉल यांनी १९६१ साली अध्यक्ष केनेडी यांच्यापुढे ठेवला होता. केनेडी यांनी आश्वासन दिले. द गॉल यांचे समाधान झाले नाही. समाधान व्हावे असे उत्तर या प्रश्नाला नव्हतेच. त्याला साठांहून अधिक वर्षे लोटली. पुढे बर्लिन आणि वॉर्सा येथील राज्यकर्त्यांनाही तोच प्रश्न पडला, आणि दैवदुर्विलास असा की, तो प्रथम विचारणाऱ्या फ्रान्सकडेच त्यांना उत्तराच्या आशेने पाहावे लागले.

स्वतःच्या रक्षणासाठी एखादे राष्ट्र अण्वस्त्र वापरील, यावर शत्रूचा सहज विश्वास बसतो. दुसऱ्यासाठी ते आपली शहरे होमात टाकील, हे त्याला पटवून देणे फार कठीण. एका सभासदावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला समजला जाईल, असे १९४९ च्या उत्तर अटलांटिक कराराचे पाचवे कलम सांगते. परंतु प्रत्येकाने आपणास आवश्यक वाटेल ती कारवाई करावी, एवढेच त्याचे बंधन आहे. अण्वस्त्रांचा त्यात उल्लेखही नाही. मित्रराष्ट्रांची नाराजी दूर व्हावी म्हणून १९६६ साली 'नाटो'चा अण्वस्त्रविषयक नियोजन गट स्थापन झाला आणि तेथे विचारविनिमय सुरू झाला. विचारविनिमय हा शब्द मुत्सद्द्यांना नेहमीच सोयीचा वाटत आला आहे. अमेरिकेच्या अस्त्रांबाबतचा अखेरचा शब्द मात्र अमेरिकेच्या अध्यक्षाचाच राहिला.

ही हमी डळमळीत वाटू लागली म्हणजे काय करावे, याचा एक धडा याच आघाडीच्या इतिहासात आहे. युरोपातील शस्त्रबळाच्या असमतोलाकडे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी १९७७ साली लंडनमधील भाषणात लक्ष वेधले. १२ डिसेंबर १९७९ रोजी 'नाटो'ने निर्णय घेतला तो दुहेरी होता. १०८ पर्शिंग-२ आणि ४६४ क्रूझ क्षेपणास्त्रे युरोपात उभी करावयाची, आणि त्याच वेळी सोव्हिएत युनियनशी वाटाघाटीही करावयाच्या. बॉनच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. इंग्लंडमध्ये ग्रीनहॅम कॉमनच्या तळापुढे स्त्रियांनी वर्षानुवर्षे ठाण मांडले. त्यांचा संताप खोटा नव्हता, कारण युद्ध पेटले असते तर पहिली राख त्यांच्याच घरांची होणार होती. पण वाटाघाटीचे दार उघडे राहिले, म्हणूनच ८ डिसेंबर १९८७ रोजी रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या सह्या होऊ शकल्या. त्या करारान्वये १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली, आणि त्यांतील १,८४६ सोव्हिएत होती.

तो करार २०१९ साली संपुष्टात आला. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले आणि अण्वस्त्रांच्या धमक्या पुन्हा उघड भाषेत ऐकू येऊ लागल्या. संरक्षणखर्चाचा वाटा न उचलणाऱ्या मित्रांच्या बाबतीत रशियाला हवे ते करण्यास आपण उत्तेजनच देऊ, असे डोनाल्ड ट्रम्प २०२४ च्या प्रचारात म्हणाले. द गॉल यांच्या शंकेला याहून मोठा पुरावा त्यांच्या विरोधकांनीही दिला नसता.

त्यानंतर मार्च २०२५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी आपल्या अण्वस्त्रांचे संरक्षण युरोपातील मित्रांना देण्याविषयी चर्चेची तयारी दाखविली. जुलैत ब्रिटन व फ्रान्स यांनी आपल्या अण्वस्त्रदलांत समन्वय साधण्याची घोषणा नॉर्थवुड येथे केली. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. त्या वर्षी फ्रान्सजवळची अण्वस्त्रे तीनशेच्या आत होती, तर रशियाजवळची पाच हजारांवर. पण अडचण संख्येची नाही. निर्णय फ्रान्सच्याच अध्यक्षाचा राहील, हे मॅक्राँ यांनी त्याच भाषणात बजावले. वॉर्सासाठी पॅरिस पणाला लागेल काय, हे विचारण्याची पाळी मग पोलंडवर येते. उसन्या छत्राचा हा अनुभव भारतालाही आहे. चीनच्या १९६४ च्या अणुस्फोटानंतर शास्त्रीजींनी बड्या राष्ट्रांकडून हमी मिळते का, हे चाचपून पाहिले. १९६७ साली एल. के. झा त्याच कामासाठी मॉस्को व वॉशिंग्टनला जाऊन आले. भरवसा ठेवावा असे काही हाती लागले नाही, आणि १९७४ साली पोखरण घडले. हमी विरली की प्रत्येक जण स्वतःच्या अस्त्राचा विचार करू लागतो. तोच विचार युरोपात बळावला, तर १९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार कागदावर उरेल.

अशा वेळी १९७९ च्या निर्णयाचा निम्माच भाग लक्षात ठेवला गेला आहे. लांब पल्ल्याची अमेरिकन क्षेपणास्त्रे २०२६ पासून जर्मनीत आणण्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये झाली. ती अण्वस्त्रवाहू नव्हेत. तथापि त्या घोषणेला वाटाघाटींची जोड नव्हती, आणि ती का नाही असे विचारण्याचे धैर्य युरोपातील थोड्याच सरकारांनी दाखविले. आज मॉस्कोशी बोलणी सुरू करणे म्हणजे युक्रेनचा बळी देणे, हा आक्षेप पोकळ नाही. पण सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात असतानाही १९८१ साली जिनिव्हात बोलणी सुरू झाली होतीच. मित्रांनी एकमेकांकडे शस्त्रे मागावीत, हमी मागावी. त्याबरोबर शत्रूपुढे कोणता प्रस्ताव ठेवायचा, याचा मसुदाही मागावा. फ्रान्सशी बोलणी करणाऱ्यांनी तर तो विशेष निकडीने मागावा. मॅक्राँ यांची मुदत २०२७ पर्यंतचीच आहे, आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या अध्यक्षाला त्यांचा शब्द बंधनकारक नाही.