विश्लेषण : वाळवंटातल्या नदीचे पाणी उपसले, तर हमिंगबर्डचे घरटे का धोक्यात येते?

हमिंगबर्ड म्हणून आपल्याकडे समाजमाध्यमांवर फिरणारे बहुतेक फोटो शिंजीर पक्ष्याचे असतात. खरे हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. त्यातली काळ्या हनुवटीची जात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटी नद्यांकाठी मोठ्या संख्येने घरटी बांधते. भूजल उपसा, परदेशी झुडपे आणि न्यायालयाचा एक निकाल या तिन्हींचा परिणाम आता या नद्यांवर होतो आहे.

घरटे कसे असते?

हा पक्षी जेमतेम तीन-चार ग्रॅमचा. मादी झाडांची मऊ लव आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरून लहानशा वाटीएवढे घरटे विणते. धागे ताणले जात असल्याने पिल्ले वाढतात तसे घरटेही सैलावते. अंडी सहसा दोन. ती सुमारे दोन आठवडे उबवणे आणि त्यानंतर पिल्लांना साधारण तीन आठवडे भरवणे, हे सगळे मादी एकटीच करते. नर मदतीला येत नाही.

जागा निवडण्यातही हिशेब असतो. अ‍ॅरिझोनातल्या चिरिकाहुआ डोंगरांतल्या घरट्यांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांच्या घरट्याजवळ हमिंगबर्डची पिल्ले जास्त वाचतात, असे त्यात दिसले. अंडी-पिल्ले पळवणारे जे पक्षी शिकाऱ्याच्या धाकाने तिथे खाली उतरत नाहीत. शिकारी पक्षी मात्र एवढ्याशा हमिंगबर्डच्या वाटेला जात नाही.

नदीकाठच का?

वाळवंटात सावली, ओलावा, फुले आणि बारीक किडे एकत्र मिळतात ते नदीकाठच्या चिंचोळ्या हिरव्या पट्ट्यात. मेक्सिकोत उगम पावून उत्तरेला अ‍ॅरिझोनात वाहणारी सॅन पेद्रो ही अशीच एक नदी. तिच्यावर मोठे धरण नाही. तिच्या काठी सुमारे ३५० जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने तिच्या काही भागाला संरक्षण दिले आणि त्या क्षेत्रासाठी पाणी राखून ठेवण्याची तरतूदही कायद्यात केली.

मग अडचण कुठे आहे?

काठावरची कॉटनवुड आणि विलो (आपल्या वाळुंजाचे नातलग) ही झाडे उथळ भूजलावर जगतात. पाणी साधारण तीन मीटरपेक्षा खोल गेले की ती मागे पडतात आणि टॅमरिस्क हे परदेशी झुडूप पुढे सरकते. दुसरीकडे, अ‍ॅरिझोनाच्या १९८० च्या भूजल कायद्यात नियंत्रण आहे ते ठरावीक क्षेत्रांपुरते. बाकी बहुतेक ग्रामीण भागात विहिरींवर फारसे बंधन नाही. कागदावर नदी संरक्षित, पण तिला पोसणारे जमिनीखालचे पाणी मोकळे, असा हा पेच आहे. नदीसाठी नेमके किती पाणी राखायचे, यावर वर्षानुवर्षे कोर्टबाजी झाली.

त्यात २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सॅकेट’ खटल्यात केंद्रीय जलशुद्धता कायद्याची कक्षा मुख्यतः कायम वाहणाऱ्या प्रवाहांपुरती आणि त्यांना सलग जोडलेल्या पाणथळींपुरती आणली. वाळवंटातले बहुतेक ओढे पावसापुरतेच वाहतात आणि तेच मोठ्या नदीला पाणी देतात.

टॅमरिस्क उपटून टाकले तर?

इतके सोपे नाही. टॅमरिस्क संपवण्यासाठी २००१ पासून त्याची पाने खाणारे भुंगेरे सोडण्यात आले. पण झुडपे ऐन उन्हाळ्यात, म्हणजे विणीच्याच काळात, निष्पर्ण होऊ लागली. विलो फ्लायकॅचर हा संकटग्रस्त पक्षी टॅमरिस्कमध्येही घरटी करत असल्याने अमेरिकी कृषी खात्याने २०१० मध्ये हा कार्यक्रम थांबवला. न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदे नदीकाठी हमिंगबर्डची घरटीही अशा परदेशी झुडपांत सापडतात. देशी झाडे उभी राहण्याआधी परदेशी झुडपे काढली, तर मधली काही वर्षे पक्ष्यांना आडोसाच उरत नाही.

पुढे काय?

आधी भूजलाची पातळी सावरणे, मग देशी झाडे वाढवणे आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने टॅमरिस्क काढणे, हा क्रम त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. त्यासाठी उपशाला मर्यादा घालावी लागेल, म्हणजे शेती आणि वाढत्या वस्त्यांना पाण्याचा हिशेब द्यावा लागेल. हमिंगबर्डच्या घरट्याचे भवितव्य या राजकीय निर्णयावर अवलंबून आहे.