स्वस्त शस्त्रक्रियेचे तीन हिशेब

परदेशात सिझेरियन स्वस्तात होते असे ऐकून आपल्या लेकीसुनेस तिकडे धाडण्यापूर्वी तीन हिशेब मांडा.

पहिला प्रवासाचा. ३६ आठवडे उलटल्यावर बहुतेक विमान कंपन्या गर्भवतीस घेत नाहीत. म्हणून परमुलखात आठवडेच्या आठवडे राहावे लागते. तो खर्च शस्त्रक्रियेच्या दरात धरलेला नसतो.

दुसरा कायद्याचा. आईबाप भारतीय असले तरी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तेथे जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली पाहिजे. ती चुकल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते.

तिसरा हक्काचा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ रोजी सुरू झाला. त्यान्वये सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, रक्त, ७ दिवसांपर्यंतचे जेवण व ने-आण विनामूल्य आहे. तेथे गर्दी असते, कधी हेळसांडही होते, हे मी नाकारीत नाही. परंतु ती दूर करण्याचा मार्ग लेखी तक्रारीचा आहे, कर्ज काढून देश सोडण्याचा नव्हे.

हे दान नाही, हक्क आहे. आणि न मागितलेला हक्क कागदावरच राहतो.