शब्द एक, अर्थ अनेक : ‘कॉपी’



इंग्रजी शब्द आपल्या घरात येतो, तो पुष्कळदा अर्थ बदलून येतो. ‘कॉपी’चे तसेच झाले आहे. चौकच्या शाळेतले पोर असो की कर्जत-खोपोलीच्या कॉलेजातला विद्यार्थी, ‘कॉपी केली’ म्हटले की सर्वांना परीक्षाच आठवते. आपण तर चिठ्ठीलाही ‘कॉपी’ म्हणतो. पण ‘बाकाखाली कॉपी सापडली’ हे वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेले, तर ऐकणाऱ्याला वाटेल, कुठल्यातरी पुस्तकाची प्रत सापडली!

या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘कोपिया’ आहे. त्याचा अर्थ विपुलता. छापखाना नव्हता तेव्हा ग्रंथ हाताने उतरवूनच एकाचे अनेक होत. त्यातूनच ‘प्रत’ हा अर्थ आला. म्हणजे इंग्रजीत ‘कॉपी’ करणे हा मुळात गुन्हा नाही. फळ्यावरचे उतरवून घेणे म्हणजे ‘कॉपी डाउन’. दाखल्याची खरी प्रत म्हणजे ‘ट्रू कॉपी’. तहसील कचेरीत आपण सातबाराची ‘नक्कल’ मागतो, तीही कॉपीच. परीक्षेतली लबाडी सांगायची असेल तर ‘चीट’ हे क्रियापद वापरावे, किंवा ‘कॉपीड फ्रॉम’ म्हणून कोणाचे पाहून लिहिले ते सांगावे. लिहिताना एक ध्यानात ठेवा : भूतकाळात शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आय-ई-डी’ येते, ‘कॉपीइंग’मध्ये मात्र ‘वाय’ कायम राहतो.

या क्रियापदाची भावंडेही ओळखून घ्या. ‘इमिटेट’ म्हणजे अनुकरण करणे. ‘एप’ म्हणजे न समजता माकडासारखी नक्कल करणे. ‘एम्युलेट’ म्हणजे एखाद्याचा गुण पाहून, कष्ट करून त्याच्या बरोबरीला जाणे.

अनुकरणाची ताकद किती असते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात दाखवले. वरच्या वर्गाने आपली दारे बंद केली, इतरांनी त्याचे अनुकरण केले आणि जाती पसरत गेल्या, असे त्यांनी मांडले. त्यासाठी फ्रेंच विचारवंत गॅब्रिएल तार्द याच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. आंधळी नक्कल समाजाला किती महागात पडते, हे यावरून कळावे.

पुढे घटनेचा मसुदा ही इतर देशांच्या घटनांची नक्कल आहे, असा आक्षेप आला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले. आंधळ्या नकलेचा आरोप अपुऱ्या अभ्यासातून आला आहे, असे ते म्हणाले. १९३५ च्या कायद्यातून काही कलमे घेतल्याचे त्यांनी लपवले नाही. घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचा मालकी हक्क नसतो. दोष काढून, देशाच्या गरजेप्रमाणे बदल करून घेण्यात लाज कसली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

विद्यार्थ्यांनी हाच फरक ध्यानात घ्यावा. उघडपणे घेणे, समजून घेणे आणि स्वतःची भर घालणे हा अभ्यास आहे. न समजता, लपवून उतरवणे ही चोरी आहे. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ चा कायदा आहे. पण कायद्यापेक्षाही मोठी शिक्षा पुढे असते. चिठ्ठीने मिळवलेले गुण मुलाखतीच्या खोलीत बोलायला येत नाहीत. ज्या घरात शिकणारी पहिलीच पिढी आहे, तिथे आईबापांनी पोटाला चिमटा काढून फी भरलेली असते. त्यांना गुणपत्रिकेबरोबर खरी विद्याही घरी यायला हवी.

म्हणून पालकांनो, मुलाला ‘किती गुण मिळाले?’ असे विचाराल तेव्हा ‘काय समजले?’ हेही विचारा. आणि मुलांनो, धडा समजला की तो आपल्या हाताने वहीत जरूर उतरवून काढा. ती ‘कॉपी’ खुशाल करा!