विश्लेषण : उपग्रहाला दिसते, तरी घाणेरी गुराख्यालाच का विचारायची?

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, कारंजा, आष्टी हा गवळाऊ गाईंचा पट्टा. जवळच १३८ चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र असलेला, २०१४ मध्ये घोषित झालेला बोर व्याघ्र प्रकल्प. गाय असो वा चितळ, दोघांनाही गवत हवे. त्याच गवताची जागा घाणेरी, म्हणजे विदर्भातली रायमुनिया, बळकावते.

ही आली कुठून?
मूळ अमेरिका खंडातले. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेसाठी ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली. २०२० मधील एका अभ्यासानुसार भारतातील ४० टक्क्यांहून अधिक व्याघ्र अधिवासाला तिचा धोका आहे.

ओळखायची कशी?
चौकोनी, काटेरी खोड. समोरासमोर खरखरीत पाने. चुरगळल्यास उग्र वास. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुले. फळे हिरवी, पिकल्यावर काळी. पाने विषारी असतात. गुरांनी खाल्ल्यास यकृत बिघडते, उन्हात कातडी सोलवटते.

उपग्रहाला काय दिसते?
सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटरचा चौकोन. सागाची पानगळ झाली की खालची हिरवी घाणेरी वेगळी दिसू लागते. पण कडक उन्हाळ्यात तीही सुकते आणि पावसाळ्यात सगळेच हिरवे असते. नुकतेच उगवलेले एखादे झुडूप तर त्या चौकोनात हरवूनच जाते. उपग्रहाला जाळी दिसते, रोप दिसत नाही. आणि उपटायला सोपे असते ते रोपच.

मग काय करायला हवे?
रोप आधी दिसते ते रोज त्या वाटेने जाणाऱ्या गुराख्याला. त्याच्या मोबाइलवरचा ठिकाणासह फोटो वनविभागाच्या नकाशावर गेला पाहिजे. चराईवरून दोघांत ओढाताण होते खरी, पण इथे हित एकच आहे.

नुसती छाटणी किंवा जाळणे व्यर्थ. बुडातून पुन्हा फुटवे येतात. फळे धरण्याआधी, जमिनीखाली मुळाचा गड्डा तोडून झुडूप उलटे ठेवावे आणि मोकळ्या जागी स्थानिक गवत लावावे. पक्षी बिया आणतच राहतात, म्हणून तीच जागा दरवर्षी तपासावी लागते.

किती हेक्टर साफ केले, हा अर्धाच हिशोब झाला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तिथे गवत आहे की पुन्हा घाणेरी, हा आकडा जाहीर व्हायला हवा. कामाचे यश त्यावरच ठरावे.